'आपल्यात जात नाही' हे नक्की कोणाला सांगतोय आपण?

रविवार, रात्री साडेदहा

आज दलित लिबरेशन संडे होता, चर्चमध्ये दलित ख्रिस्त्यांच्या हक्कांसाठी पाळायचा दिवस. नोव्हेंबरचा दुसरा रविवार. एनसीसीआय म्हणजे नागपूरची आपली प्रोटेस्टंट-ऑर्थोडॉक्स चर्चची राष्ट्रीय परिषद आणि सीबीसीआय म्हणजे कॅथलिक बिशपांची परिषद, दोघंही हा दिवस पाळा म्हणतात, पण आमच्या पाळक साहेबांनी सूचना वाचताना "आजचा रविवार विशेष आहे" एवढंच म्हटलं आणि लगेच नाताळच्या वर्गणीवर आले. दलित हा शब्द काही निघाला नाही तोंडातून. निघणार तरी कसा, पुढच्या बाकांवरचे निम्मे लोक उठून म्हणतील आम्ही कुठले दलित, आम्ही ख्रिस्ती.

वचन मात्र जबरदस्त निवडलं होतं, बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय. सभेत एकजण सोन्याची अंगठी घालून, झकपक कपड्यात येतो, दुसरा मळक्या कपड्यातला गरीब येतो, आणि तुम्ही पहिल्याला म्हणता या या, इथं चांगल्या जागी बसा, आणि दुसऱ्याला म्हणता तू तिकडं उभा राहा नाहीतर इथं खाली पायाशी बस. हे ऐकताना मला हसूच आलं कारण आमच्याकडं पुरुष बाकांवर आणि आम्ही सगळ्या बाया खाली सतरंजीवर, वर्षानुवर्षं. याकोब आमच्याच चर्चमध्ये येऊन गेला असावा.

प्रवचन गोड होतं. भेदभाव करू नका, आलेल्याला हसून सलाम करा, उपासना झाल्यावर चहाला थांबवा. सगळं बरोबर, पण साहेब पाचव्या ओवीवर थांबले. सहाव्या ओवीत याकोब विचारतो की तुमच्यावर जुलूम करणारे, तुम्हाला कोर्टात खेचणारे हे श्रीमंतच ना? तिथून पुढं गेलं की प्रकरण चहावर भागत नाही. आणि याच पत्रात पाचव्या अध्यायात चौथी ओवी आहे, तुमची शेतं कापणाऱ्यांची मजुरी तुम्ही दाबून ठेवली ती ओरडतेय आणि कापणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानापर्यंत गेलाय. ही ओवी नगर जिल्ह्यात ऐन गळिताच्या हंगामात कोणी वाचत कशी नाही याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

कारण कारखाना सुरू झालाय. चर्चच्या मागच्या रानात ऊसतोड मजुरांची टोळी उतरलीय, बीडकडची, कोप्या म्हणजे त्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्यात. आज त्यातल्या दोन बाया उपासनेला आल्या होत्या. का आल्या माहीत नाही, पेटी-तबल्याचा आवाज ऐकून आल्या असतील, एक दिवस फड म्हणजे तोडणी बंद असेल. दारातच टेकल्या, चपलांच्या ढिगाऱ्याला लागून. एकीच्या मांडीवर पोरगं होतं, हातात उसाचं कांडकं, ते चावून चोथा सतरंजीवर टाकत होतं आणि आमच्या दोघीतिघींच्या कपाळाला आठ्या. हात बघितले मी तिचे, पाचटानं कापून कापून रेघा पडलेल्या. शेवटी आमच्या काकू (चुलत सासूबाई) उठल्या, तिच्या दंडाला धरून तिला आत ओढलं, स्वतः सरकून जागा दिली, पोराच्या हाताला बिस्कीट दिलं. मला इतकं बरं वाटलं. आणि पुढच्याच क्षणाला काकूंनी हळू आवाजात विचारलं, "आडनाव काय गं तुमचं?"

हे आपल्या सगळ्यांनाच कळतं, आडनाव कशासाठी विचारतात ते. ती बाई पण काय कच्ची नव्हती, तिनं आडनाव सांगितलंच नाही, मुकादमाचं, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचं नाव सांगितलं.

मग दिवसभर तेच डोक्यात. मजुरी दाबून ठेवणं हा याकोबाच्या काळातला प्रकार, आपल्याकडं उलटं आहे, आधी पैसे देऊन माणूस अडकवतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायको मिळून एक कोयता धरायचा, म्हणजे बाईची मजुरी वेगळी अशी नाहीच, आणि टनावर पैसे वळते होत होत उचल फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या हंगामाला परत यायचंच. आणि तो ऊस कोणाचा? आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या चारपाच घरांचा पण आहे. कारखान्यात नोकरीला असलेले वेगळेच.

दुपारी भाऊजी आले होते जेवायला. यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि आजोबांच्या भावानं ५६ साली बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, त्या घरातले हे भाऊजी. एकच वाडा, एकच भावकी, अजून लग्नाकार्यात एका पंगतीला बसतो. पण त्यांच्या पोरीला एससीचा दाखला आणि माझ्या पोरीला नाही, दोघी एकाच वर्गात. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, त्यात तिसरा परिच्छेद, हिंदू सोडून कोणी अनुसूचित जातीत धरायचा नाही. मग १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. नुसत्या फीचा विषय नाही हा. सरपंचपद एससीला राखीव सुटलं तर आमच्यातलं कोणी फॉर्म भरू शकत नाही, आणि उद्या बांधावरून मारहाण झाली, जातीवरून शिवी दिली तर भाऊजींना ॲट्रॉसिटीचा कायदा लागू, आम्हाला नाही. शिवी देणारा काही आधी बाप्तिस्म्याचा दाखला बघून शिवी देत नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमच्यात जात नाही म्हणता ना, मग सर्टिफिकेट कशाला पाहिजे?" चेष्टेत म्हणाले, पण नेमकी हीच गोची आहे. १९८५ च्या सुसाईच्या केसमध्ये हेच झालं. तामिळनाडूतला चप्पल शिवणारा माणूस, रस्त्याकडेला बसून काम करायचा, सरकारनं चर्मकारांना फुकट टपऱ्या वाटल्या आणि हा ख्रिस्ती म्हणून याला नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं धर्म बदलल्यावरही तोच त्रास तितकाच राहतो हे दाखवा. २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं सांगितलं धर्माची अट काढून टाका, ते तसंच पडून राहिलं, २०२२ ला याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. सरकारचं म्हणणं काय, तर ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाही. आणि आमचं पुलपीट दर रविवारी काय सांगतं? तेच! दिल्लीतला सरकारी वकील आणि आमचे साहेब एकच वाक्य बोलतात आणि दोघांचीही त्यात सोय आहे. एकाला द्यावं लागत नाही, दुसऱ्याला घरातलं काढावं लागत नाही.

घरातलं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोयरीक जुळवताना महाराकडचे की मांगाकडचे हे अजून आधी काढलं जातं, बायोडाटावर लिहीत नाहीत एवढंच. गोव्याच्या कॅथलिकांत तर कॉन्फ्रारियांमध्ये, म्हणजे चर्चचे सण-विधी सांभाळणाऱ्या मंडळांमध्ये, कोणी कुठला मान घ्यायचा हे जातीवर ठरत आलं. आणि अजून एक, आज आम्ही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकामधून ख्रिस्ती कवी टिळकांचं पद म्हटलं. ना. वा. टिळक मला फार आवडतात, १९१७ ला मिशनचा पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार नावाची भक्तमंडळी काढली, तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही, त्या काळात केवढी छाती लागली असेल. पण चित्पावन ब्राह्मण टिळकांचं नाव आमच्या पोरांना पाठ, आणि नगरकडच्या गावोगावच्या मंडळ्या ज्यांनी उभ्या केल्या ते महार-मांग वस्तीतले मास्तर आणि घरोघर बायबल सांगणाऱ्या बायबल बाया, त्यातल्या एकाचं नाव विचारा बघू कोणाला. मलाही यांच्या पणजीपलीकडं सांगता येत नाही.

चहाच्या वेळी साहेबांना म्हटलंच मी, सहाव्या ओवीपासून पुढं कधी घेणार? ते तसे चांगले आहेत, चिडले नाहीत. म्हणाले, बाई तुम्हीच घ्या की, बुधवारी महिला मंडळाची उपासना आहे चारला, तुम्हीच बोला. बरं म्हटलं. पाचवा अध्याय चौथी ओवी घेणार म्हटल्यावर जरा थांबले, उसवाल्या घरच्या बायका असतात ओ मंडळात, म्हणाले. मग असू द्यात की. त्यांच्यासमोर नाही वाचायची तर कोणासमोर?

पण खरी अडचण वेगळीच आहे, चारला टोळीतली एकही बाई मोकळी नसते. पहाटे अंधारात फडावर गेलेल्या, संध्याकाळी मोळ्या वाहून गाडी भरून परत येणार, मग वाढे म्हणजे उसाचे शेंडे चाऱ्याला विकायचे, मग चूल. त्यांना बोलवायचं तर रात्री आठनंतर ठेवावं लागेल. साहेब म्हणाले, रात्री लाइटचं, बायकांच्या येण्याजाण्याचं कसं करायचं, बघू, कमिटीला विचारतो. कमिटीत दोन जण ऊसवालेच आहेत. मंगळवारपर्यंत उत्तर नाही आलं तर मी आमच्या ओट्यावरच ठेवणार आहे, काकूंना सांगून ठेवलंय चहाचं आधण मोठं ठेवा म्हणून. आणि आडनावं विचारायची नाहीत, हेही सांगितलंय. "मग काय विचारू?" म्हणाल्या. म्हटलं, उचल किती घेतलीय ते विचारा.