शेवटचा नंबर

नागपुरात होळी झाली की माळ्यावरचे, गच्चीवरचे, जिन्याखालचे कूलर बाहेर निघतात. टबाच्या तळाशी मागच्या वर्षीच्या क्षारांचा पांढरा थर, ताट्यांमधली खस काळी पडलेली, कोपऱ्यात कबुतराने जमवलेल्या काड्या. पंखा बोटाने ढकलला तर फिरतो, सोडला की थांबतो. पंप नुसता गुरगुरतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "मिस्त्रीला फोन लावा." तिथून पहिला पाऊस पडेपर्यंत त्या मिस्त्रीला घास गिळायला फुरसत नसते.

असा एक मिस्त्री माझा मित्र होता. खरं तर मित्र आधी होता, मिस्त्री नंतर झाला. महालातल्या मनपाच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केलेली ती मिल आमच्या लहानपणापर्यंत पार थकली होती आणि मिलवाल्यांच्या घरांत संध्याकाळी एकच विषय असायचा: पोरांचं काय करायचं. याला दहावीनंतर आयटीआयला घातलं. मी कॉमर्सला गेलो आणि पुढे एका सरकारी टेबलाला चिकटलो. त्याने केळीबाग रोडच्या आतल्या गल्लीत एक शटर भाड्याने घेतलं. कूलर दुरुस्ती आणि मोटर वायंडिंग. बोर्ड शेवटपर्यंत लावला नाही. "ज्याचा कूलर बंद पडला तो शोधत येतेच ना बे," हे त्याचं जाहिरातीबद्दलचं मत.

दुकानात बसायला दोन स्टुलं. एकावर तो, दुसऱ्यावर कुणाची तरी उघडलेली मोटर. त्यामुळे मी उभाच. मोटर जळाली की तो आधी जुनी कॉइल कापून तिचे टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजायचा, मायक्रोमीटरमध्ये तार धरून गेज, म्हणजे तारेची जाडी, काढायचा आणि दोन्ही आकडे पेन्सिलने भिंतीवर लिहायचा. स्लॉटमधला करपलेला कागद खरवडून नवा बसवायचा, मग तेवढ्याच गेजच्या तारेचे तेवढेच टर्न. टर्न कमी टाकले तर तार वाचते, काम लवकर उरकतं, पण मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि ऐन मे महिन्यात पुन्हा जळते. मशीनवर काउंटर होता, पण त्याचा भरवसा तोंडी मोजण्यावर. मध्ये कोणी बोललं तर उत्तराऐवजी आकडा मोठ्याने यायचा. "मिस्त्री, माझी मोटर झाली का?" "दोनशे सत्तर!" माणूस गप्प बसायचा. मलासुद्धा घरातल्या कितीतरी महत्त्वाच्या बातम्यांवर अशी उत्तरं मिळाली आहेत.

बाजारात ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. वर तांबूस इनॅमल असलं की गिऱ्हाइकाला काही कळत नाही. हा ब्लेडने तारेचं टोक खरवडायचा आणि आतलं लाल तांबं दाखवल्याशिवाय वायंडिंगला हात लावायचा नाही. म्हाताऱ्या आजीबाईंनाही दाखवायचा. त्या बिचाऱ्या "हो बाबू, हो" म्हणायच्या.

आणि अर्थिंग. या विषयावर तो कीर्तनकारापेक्षा जास्त वेळ बोलू शकत असे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. पत्र्याची बॉडी, पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि दोन पिनांचा प्लग, एवढं पुरतं. कूलर थंड हवा देवो न देवो, तो आधी थ्री-पिन लावायचा, अर्थची तार बॉडीला कसायचा, मग टेस्ट लॅम्प घेऊन भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थ आहे का ते बघायचा. नसला तर कूलर लावायला साफ नकार. "स्विच बंद करून पाणी नाही भरायचं, पिन काढून भरायचं. स्विच न्यूट्रलवर असला तर बंद करूनही आत करंट असते," हे वाक्य त्याने निम्म्या महालाला पाठ करायला लावलं असेल. माझ्या बायकोला ते झोपेतही म्हणता येईल.

आता माझं गाऱ्हाणं. इतका जिवाभावाचा मित्र कूलरचा मिस्त्री, म्हणजे गल्लीत सगळ्यात आधी आमचा कूलर सुरू होत असेल, असं कोणालाही वाटेल. आमचा नंबर शेवटून दुसरा. तान्हं बाळ असलेलं घर आधी. कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल ते घर आधी. टिनाच्या छपराखाली राहणारे आधी. मग रोखीची गिऱ्हाइकं, मग उधारीची, मग नातेवाईक, मग मी. शेवटी त्याचं स्वतःचं घर. तोवर वहिनी ओला पंचा खिडकीला टांगून दिवस काढायच्या. मी चिडलो की म्हणायचा, "पंगतीत घरच्यांनी शेवटी बसायचं असते बे. एवढंही नाही समजत तुले?" माझी बायको माझ्याकडे बघायची. "तुमचा मित्र आहे म्हणून आपण उकडून मरायचं का?"

पण शेवटच्या नंबरचा एक फायदा होता आणि तो मी बायकोपाशी कधी बोललो नाही. माझ्यानंतर त्याला कुठे जायचं नसायचं. रात्री साडेदहाला सायकल, पुढे लूना, दाराशी लागायची. कूलर लावायला त्याला अर्धा तास पुरे. पाण्याची नळी ताट्यांवर सारखी ठिबकते का ते टॉर्च मारून बघायचा, एखाद्या कोरड्या पट्ट्यावर दोन बोटं दाबून खस पसरवायचा आणि समोरची खिडकी उघडायला लावायचा. हवा आत येते तशी बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून तर पाण्याची वाफ होताना हवा निवते. बाहेर 45 असताना नीट लागलेला कूलर समोर 30 च्या आसपासची हवा देतो. मुंबईत हाच कूलर घामात भर घालील. हे सांगताना त्याला मुंबईकरांची मनापासून कीव यायची. मग आम्ही गच्चीवर. झुणका-भाकर, कांदा, मठ्ठा. काय बोलायचो? काहीच नाही. कोणाचं लग्न ठरलं, कोणी एसी लावला, शाळेतले कोणते मास्तर अजून आहेत. उरलेले आठ-नऊ महिने मित्र असतातच, पण सीझनमधली ती रात्र आमची ठरलेली होती.

बहिणीचं लग्न मे महिन्यात निघालं. मंगल कार्यालयाच्या पंख्यांतून गरम हवा येत होती आणि भाड्याचे कूलर गावभर बुक झालेले. सकाळी हा टेम्पोतून कूलर उतरवायला लागला. लहान, मोठे, निळे, हिरवे, एकासारखा दुसरा नाही. "कुठून आणले बे?" विचारलं तर, "तू अक्षता वाट." पंगत बसली. वऱ्हाडातले एक काकाजी जेवता जेवता उठले, एका कूलरच्या मागे गेले आणि पत्र्यावर हात फिरवू लागले. तिथे कर्कटकाने कोणीतरी नाव कोरलं होतं. त्यांच्याच मुलाचं.

"हा तर माझा कूलर आहे!"

हा शांतपणे पुढे झाला. "हो ना काकाजी. टेस्टिंगले लावला. दोन तास लोडवर चालला नाही तर मी गॅरंटी कशी देऊ?"

काकाजींनी क्षणभर विचार केला. मग खुर्ची उचलून बरोबर त्याच कूलरपुढे मांडली आणि शेजारच्यांना "आपलाच आहे" असं सांगत जिलबी मागवली. बाकीच्या कूलरांचे मालक मांडवात नव्हते, हे आमचं नशीब.

2013 च्या उन्हाळ्यात माझे बाबा अंथरुणाला खिळले. त्या वर्षी मी फोनसुद्धा केला नव्हता. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हा दारात, नवी खस घेऊन. पहिला नंबर. त्या 23 मे रोजी नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले. त्याच रात्री पंप जाम झाला. तो आला, पंप खोलला, जळालेला होता. त्या वेळी नवा मिळणार कुठून? पंखा चालू होता. त्याने बादली घेतली, तांब्या घेतला आणि कूलरच्या मागे उभा राहून ताट्यांवर पाणी घालू लागला. ताट्या वाळायला आल्या की पुन्हा. मी तांब्या मागितला तर म्हणाला, "तू बाबांजवळ बस." उजाडेपर्यंत हेच चाललं. सहाला चहा पिऊन गेला, नऊला नवा पंप घेऊन आला. त्या पंपाचे पैसे द्यायला गेलो तेव्हा भिंतीवरचा आकडा मोजत बसला. आकडा संपेचना.

पाऊस सुरू झाला की त्याचा वेळ मोकळा. मग शेतीपंपांच्या मोटरी, मिक्सर असं बारीकसारीक काम आणि आमचं हिंडणं: अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो, तर्री पोहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक आम्ही चुकवली नाही. 1880 च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत अशा दोन पुतळ्यांची ही मिरवणूक निघते आणि लोक आपापली पीडा तिच्याबरोबर धाडतात. "खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत" असा गजर चालू असताना याचं आपलं वेगळंच: "कूलरची उधारी घेऊन जा गे मारबत!" मी म्हणायचो, अरे, उधारी तिने नेली तर तुझेच पैसे जातील. तो म्हणायचा, "तसेही कुठं येऊन राहिले?"

पोटात दुखतं हे त्याने 2023 च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा सांगितलं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर, "सीझन होऊ दे." सीझन झाला, पण 23 सप्टेंबरच्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. फ्रिज, मोटरी, पंप सगळं चिखलात. हा पुन्हा कामाला जुंपला. गाळ भरलेल्या मोटरी स्वच्छ पाण्याने धुवायच्या, खोक्यात पिवळा बल्ब लावून त्यात दिवसभर वाळवायच्या, मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं, मग पुन्हा वॉर्निश. घाईने करंट सोडला तर गेलीच. ते काम उरकून तो मेडिकलमध्ये भरती झाला तेव्हा फार उशीर झाला होता. हिवाळ्यातच गेला. दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलचे आकडे आहेत. त्यातले टर्न कोणते आणि उधारी कोणती, हे त्यालाच ठाऊक.

पुढच्याच मे महिन्याच्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर तापमान 56 अंश दिसलं आणि फोनवर नुसता गोंधळ उडाला. नंतर तो सेन्सरचा दोष निघाला. तो असता तर बातमी ऐकून एवढंच म्हणाला असता, "आधी मीटर तपासा ना बे."

दुकान आता त्याच्या हाताखाली शिकलेला पोट्टा चालवतो. व्हॉट्सॲपवर नंबर लावायचा, तो वेळ देतो आणि दिलेल्या वेळेवर येतो. आमच्याकडे मार्चमध्ये सकाळी दहाला आला. अर्थ तपासला, तारेचं टोक खरवडून मला तांबं दाखवलं, बिल फाडलं. पंपाची किंमत काय असते हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. जेवायला थांब म्हटलं तर, "काका, अजून सात घरं आहेत."

तो गेल्यावर मी वहिनींना फोन केला. म्हटलं, या पोट्ट्याला सांगतो, तुमच्याकडेही लवकर येऊन जा म्हणावं.

"अवो भाऊजी, तो तर होळी व्हायच्या आधीच लावून गेला," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, अरे, आधी गिऱ्हाइकांचे कर, आमचा नेहमी शेवटीच असते. ऐकतच नाही. आता राती पांघरूण घ्यावं लागून राहिलं अजून, अन् खिडकीत कूलर. मी काही सुरू नाही केला."