तिजोरी शोकेसमध्ये

मी दुकानांची इंटिरियर्स करते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुकानंच बघत फिरते, नवरा वैतागतो पण इलाज नाही. न्यूजर्सीहून बस पकडून मॅनहॅटनला उतरलं की पाय आपोआप फिफ्थ अव्हेन्यू आणि 43व्या रस्त्याच्या कोपऱ्याकडे वळतात. नंबर 510. आजूबाजूच्या टोलेजंग बिल्डिंगांमध्ये हे काचेचं बुटकं खोकं लक्षात यायचं पण नाही एखाद्याच्या.

ही मुळात बँक. मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्टची शाखा, 1954 साली उघडली, डिझाइन स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या आर्किटेक्ट फर्मच्या गॉर्डन बनशाफ्टचं. त्या काळी बँक म्हणजे जाडजूड दगडी खांब आणि खिडक्यांना गज, आत शिरतानाच माणूस जरा दबून जायचा. आणि यांनी काय केलं तर चारी... म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत काच लावली, त्यातल्या मोठ्या काचा 22 फूट उंच! कॉलम आत सरकवलेत, स्लॅबच्या कडा पुढे काढल्यात, त्यामुळे काचेवर बिल्डिंगचा काहीच भार नाही. सीलिंगला सुटे दिवे नाहीत, अख्खं सीलिंगच उजळतं, त्यामुळे अंधार पडला की रस्त्यावरून आतलं सगळं लख्ख दिसणार.

आणि तिजोरी! आपल्याकडे लॉकर म्हणजे बँकेच्या मागच्या खोलीत, रजिस्टरमध्ये सही करा, मग ती बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन येणार. इथे हेन्री ड्रायफस या इंडस्ट्रियल डिझायनरने डिझाइन केलेला 30 टनांचा गोल दरवाजा थेट फिफ्थ अव्हेन्यूच्या काचेला लागून. माझी आजी असती तर म्हणाली असती, अगं दागिने काय असे ओट्यावर मांडून ठेवतात का!

म्हणजे बँक असताना पण हे शोरूमच होतं, मग दुकान करायला काय प्रॉब्लेम, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलेलं. पण बँकेला रिकामी जागा परवडते, उलट तीच तिची ऐट असते, आणि दुकानात प्रत्येक स्क्वेअर फुटाने भाडं कमवायचं असतं. शिवाय बँकेत खातेदार दार शोधत येतो, म्हणून यांनी दार 43व्या रस्त्यावर ठेवलं, फिफ्थ अव्हेन्यूवर दारच नव्हतं. दुकानदाराला हे सांगून बघा, तो उभा पण करणार नाही तुम्हाला.

2010 मध्ये व्होर्नाडो या प्रॉपर्टी कंपनीने बिल्डिंग घेतली. बाहेरच्या भागाला 1997 पासून लँडमार्कचा, म्हणजे संरक्षित वारसा वास्तूचा दर्जा होता, आतल्या भागाला मात्र नव्हता, आणि खरी गंमत तर आत. वरच्या मजल्यावर (अमेरिकन हिशोबाने दुसरा, आपला पहिला) हॅरी बर्टोया या शिल्पकाराचा धातूचा पडदा आहे, 70 फूट लांब, 16 फूट उंच, सोनेरी-तपकिरी पत्र्यांची जणू भिंतच. तो होता चेस बँकेच्या मालकीचा (मूळची बँक विलीन होत होत शेवटी चेसमध्ये गेली), त्यांनी तो त्याच वर्षी उतरवून नेला. मग ओरडा झाला. फेब्रुवारी 2011 मध्ये आतल्या भागालाही लँडमार्कचा दर्जा मिळाला, पण दोनच महिन्यांत फेरफारांना परवानगी पण मिळाली: तळमजल्याची दोन दुकानं करायची, फिफ्थ अव्हेन्यूवर नवी दारं पाडायची, सरकते जिने हलवायचे, तिजोरीचा दरवाजा ठेवून मागची भिंत कापायची. वारसाप्रेमी कोर्टात गेले, 2012 च्या सुरुवातीला तडजोड झाली, पडदा परत आला आणि जो फ्रेश नावाचं कपड्यांचं दुकान उघडलं. फेरफाराचं डिझाइन पण मूळच्याच फर्मने केलेलं, म्हणजे आजोबांच्या कोटाला नातवानेच कात्री लावली म्हणा.

आता माझं मत. दारं मला पटतात, दाराशिवाय दुकान चालत नाही आणि दुकान चाललं नाही तर ती काच पुसणार कोण. जिने मात्र हलवायला नको होते. काचेतून ते जिने चढणारी माणसं दिसणं हाच तर खेळ होता तिथला, त्यांची जागा बदलली की आतली सगळी चालच बदलते, नुसते अंगठीतले खडे इकडचे तिकडे केले असं नाही ते. पण पडदा जागेवर आलाय म्हणून मी बरंच माफ करून टाकते.

2012 मध्ये पहिल्यांदा वर गेले तेव्हा त्या पडद्यासमोर टी-शर्टच्या थप्प्या, एक पोरगी मन लावून घड्या घालत होती, पडद्याकडे तिची पाठ. मी मात्र रॅक आणि पडदा यांच्यात किती अंतर सोडलंय ते नजरेने मोजत बसले. बरं सोडलं होतं. काही वर्षांत जो फ्रेश गेलं, मग द नॉर्थ फेस आलं. टी-शर्ट जाऊन जॅकेटं आली, पडदा तिथेच.

परवा न्यूजर्सीतल्याच एडिसन गावच्या एका क्लायंटला समोरच्या काचेवर आडवा-उभा सेलचा स्टिकर मारायचा होता, रस्त्यावरून आतलं काही दिसूच नये अशा बेताने. मी त्याला मोबाइलवर 510 चे फोटो दाखवले, काच, तिजोरी, पडदा, सगळं दहा मिनिटं समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "ताई, भारीच आहे हो, पण यात हँगर कुठे लावायचे?"