ब्विंडीत गोरिला बघायला जाताना

युगांडाला जायचं ठरलं की विमानाच्या तिकिटाआधी परमिट बघायचं. ब्विंडीच्या जंगलात एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटकांना भेटता येतं. त्यामुळे परमिटची तारीख मिळेल तसं बाकीचं बसवावं लागतं. परदेशी पर्यटकाला 800 डॉलर पडतात. रवांडात त्याचेच 1500. यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं पिवळं कार्ड युगांडाच्या एंटेबी विमानतळावर लागतंच, मुंबईत परत उतरतानाही लागतं.

ब्विंडीच्या वेशीवरच्या बुहोमाला सकाळी माहिती देताना गाईडने सर्वात जास्त वेळ आजारपणावर घालवला. आपली साधी सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून खोकणाऱ्याला आत सोडत नाहीत. मास्क लावायचा, दहा मीटर लांब राहायचं. हे नियम मला मनापासून पटले. 2018च्या गणनेत ब्विंडी आणि लगतच्या, काँगोतल्या सरांब्वेत मिळून 459च गोरिला होते.

ट्रॅकर पहाटेच निघालेले असतात. गोरिलांनी काल रात्री झोपायला केलेली घरटी शोधून तिथून माग काढायचा आणि गाईडला वायरलेसवर कळवायचं. आम्ही मात्र ओल्या, उभ्या चढावर वेलींतून वाट काढत होतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे हवेतच, काही पानं नुसती लागली तरी आग होते. पोर्टर जरूर घ्या. माझ्या पोर्टरने कितीदा तरी हात देऊन वर ओढलं, आणि ते पैसे थेट गावात जातात.

आधी घामट, उग्र वास आला. मग गाईडने घशातून खोल हुंकार दिला, आम्ही आलोय आणि भीती नाही हे कळवायला. रुपेरी पाठीचा नर बसून एक वेल दोन्ही हातांनी खाली खेचत होता. पानं ओठांनी ओरबाडायची, देठ टाकायचा, पुन्हा खेचायचा. नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या, ट्रॅकर त्यावरूनच ओळखतात. एक पिल्लू आमच्याकडे यायला लागलं तसं गाईडने आम्हालाच मागे सरकवलं. भेटीसाठी दिलेला तास संपला तेव्हा कोणीही पाच मिनिटं वाढवून मागितली नाहीत.

एक गोष्ट मात्र सलत राहिली. 1991 साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या या जंगलात राहणाऱ्या बट्वा लोकांना बाहेर जावं लागलं. मोबदला बहुतेकांना मिळालाच नाही. बुहोमाला बट्वा स्वतः माहिती देत फिरवतात. मधाची झाडं, औषधी पाला, शिकारीच्या जुन्या पद्धती त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतात. गोरिलांसाठी एवढ्या लांब जाणारच असाल तर बट्वांसाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा.