तोंडावर लाइट नको

पितृपक्षात आमच्या धंद्याला काम नसतं. गणपती उठलेले, महालक्ष्म्या जेवून गेलेल्या, घटस्थापनेला अवकाश. लग्न नाही, वास्तू नाही. त्या पंधरवड्यात साउंडवाले अॅम्प्लिफायर उघडून ब्रश मारतात आणि उंदरांनी कुरतडलेल्या केबली जोडत बसतात. अशातच नागपूरहून एका मुलीचा फोन आला. आमच्या तालुक्याच्या गावी एक दिवस सिनेमे दाखवायचे आहेत. प्रोजेक्टर, पडदा, साउंड, जनरेटर सगळं लागेल. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. हॉल कोणता, माणसं किती, आणि ज्याचा सिनेमा आहे त्याची परवानगी घेतली का? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक आयोजक गडबडतात. ही म्हणाली, प्रत्येक सिनेमाचं पत्र आहे, पाठवते. मग जरा थांबून म्हणाली, "काका, आधीच सांगते. हे गे आणि लेस्बियन लोकांच्या सिनेमांचं फेस्टिव्हल आहे. दोन साउंडवाल्यांनी एवढं ऐकूनच फोन ठेवला."

ते दोघं कोण, हे मला न सांगता कळलं. डीजेच्या भिंती उभ्या करणारी माणसं. समोरच्याची छाती किती हादरली, एवढाच त्यांचा हिशेब. माझे वडील फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर होते. जत्रेमागून जत्रा, तंबू, कार्बनवर चालणारी मशीन, आणि रिळांच्या डब्यांना टेकून झोपलेलो मी. पडद्यावर कोणाची गोष्ट आहे हे पाहून दिवा लावायचा की नाही ते ठरवायचं, असं आमच्या घरात कधी झालं नाही. मी तारीख लिहून घेतली.

हॉलचं मात्र लवकर जमलं नाही. आधी एक मंगल कार्यालय ठरलं होतं. मालकानं इसार घेतला आणि आठवड्यानं परत केला. म्हणे, १९९८ मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरचा 'फायर' लागला तेव्हा मुंबईत टॉकीजवर हल्ले झाले, माझ्या काचा कोण भरून देईल? हल्ले झाले हे खरं आहे. पण तो सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि पुढच्या वर्षी परत टॉकीजला लागला, हेही खरं आहे, आणि तेवढं त्याला आठवत नव्हतं. पोलीस ठाण्यातला हवालदार त्याच्यापेक्षा सरळ निघाला. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा ६ सप्टेंबर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मुलीनं फोनवर काढून ठेवला होता. त्यानं तो पाहिलाही नाही. "गुन्हा नाही ना? मग स्पीकर दहाले बंद करा. बाकी तुमचं तुम्ही पाहा," एवढं बोलून त्यानं शिक्का मारला.

शेवटी एका जिनिंगचं गोडाऊन मिळालं. आमच्याकडे कापूस घरात यायला दिवाळी उजाडते, तोवर जिनिंग रिकामीच असते. जागा प्रशस्त, पण सिनेमासाठी त्याहून अवघड जागा सापडायची नाही. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर रुईचा कस, म्हणजे बारीक तंतू, वर्षानुवर्षं साचलेला असतो. साउंड सुरू झाला की पत्रा थरथरतो आणि तो कस खाली उतरतो. प्रोजेक्टर हवा आत ओढतो, कस फिल्टरला चिकटतो, मशीन तापते आणि ऐन सिनेमात स्वतःच बंद पडते. आदल्या दिवशी आम्ही ब्लोअर लावून सगळ्या कैच्या झाडल्या, फरशीवर पाणी मारलं, झरोक्यांना दोन पदरी ताडपत्री बांधली. दर सिनेमानंतर फिल्टर बदलायचा, हेही ठरवलं. बाहेर लांब, विहिरीजवळ, एक मोठा पांढरा बल्ब टांगला. भाद्रपदातली पाखरं तिकडे जातात आणि पडद्यावर येत नाहीत. पडदा नेहमीपेक्षा दोन हात वर घेतला. सपाट फरशीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या की पडद्यावरच्या खालच्या ओळी, म्हणजे सबटायटल, पुढच्यांच्या डोक्यामागे जातात, आणि बाहेरच्या भाषांतले छोटे सिनेमे तर त्या ओळी वाचूनच समजायचे होते. त्या ओळींची फाइल आमच्या मशीनवर लावली तेव्हा जोडाक्षरं फुटून चौकोन दिसायला लागले. नागपूरच्या पोरांना हे सकाळी कळलं असतं. मी रात्रीच लावून पाहिली म्हणून त्यांनी जागून ती अक्षरं सिनेमात पक्की बसवून आणली. ही पोरं धीट आहेत, मेहनती आहेत, पण फाइल वेळेवर देत नाहीत.

संध्याकाळचा सिनेमा होता 'अलीगढ'. मी तो आधी पाहिलेला नव्हता. कोणताही सिनेमा लावण्याआधी मी एकट्यानं पूर्ण पाहतो, म्हणून हाही पाहिला, आणि जनरेटरची जागा बदलली. त्यात एक प्रसंग आहे. प्रोफेसर रात्री घरात एकटा बसलाय, हातात ग्लास, आणि लताबाईंचं 'आप की नज़रों ने समझा' लागलंय. कॅमेरा हलत नाही, कोणी बोलत नाही. मनोज वाजपेयी नुसता ऐकतो. अशा जागी मागून साडेसात केव्हीएचा जनसेट घरघरत असेल तर सिनेमा दाखवण्यात अर्थ नाही. मी तो सरकीच्या शेडमागे, भिंतीच्या पलीकडे नेला. लांब केबलीवर व्होल्टेज पडतं म्हणून जाड चार एमएमची केबल ओढली आणि प्रोजेक्टरला वेगळा स्टॅबिलायझर दिला. माझ्याकडचे पोट्टे कुरकुरले, "भाऊ, एका गाण्यासाठी इतलं काऊन?" त्या गाण्यासाठीच.

हे प्रोफेसर म्हणजे श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूर विद्यापीठात शिकलेले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे, कवी. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या संग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरले, एका पुरुषासोबत असताना त्यांचं चित्रण केलं, आणि विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांना. एप्रिलच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि आठवडाभरातच ते आपल्या खोलीत मेलेले सापडले. वर्तमानपत्र रोज वाचणारा मी. आपल्या नागपुरात शिकलेल्या माणसाची ही गोष्ट मला सिनेमातून कळली. नागपूरच्या मुलीनं हा सिनेमा निवडला तो याच कारणानं. ती म्हणाली, "मुंबईला 'कशिश' हे असंच फेस्टिव्हल २०१० पासून भरतंय, काका. तिथं लोक जगभरचे सिनेमे पाहतात. इथं आधी आपला माणूस दाखवायचा."

आमची खडाजंगी झाली ती लाइटवरून. सिनेमा संपला की क्षणात लाइट लावायचे, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. अंधारात गर्दी उठली की बायकांना त्रास होतो, खिसे कापले जातात, केबलीत पाय अडकतात. तंबूत मी हे सगळं पाहिलंय. आयोजकांचं म्हणणं उलट होतं. लोक बाहेर पडेपर्यंत लाइट लावूच नका. "काका, लाइट लागला की बाजूच्या खुर्चीत कोण आहे ते दिसतं. त्या भीतीनं लोक सिनेमा संपायच्या आधीच उठून जातात. आम्ही हे बाकी ठिकाणी पाहिलंय." मी म्हटलं, पूर्ण अंधारात मी माणसं बाहेर काढणार नाही, कोणाचा पाय मोडला तर? बराच वेळ दोघंही हटलो नाही. मग मला लग्नाच्या मांडवाची दोरीलाइट आठवली. दोन्ही बाजूंनी फरशीलगत, वीतभर उंचीवर ती पसरवली आणि वरून पत्र्याची पट्टी वाकवून प्रकाश फक्त खाली पडेल असा बांधला. मी स्वतः उभा राहून, बसून, वाकून पाहिलं. चपला दिसत होत्या, पायजम्याची किनार दिसत होती. गुडघ्याच्या वर काही नाही. ती मुलगी फरशीवर बसून पाहत राहिली आणि म्हणाली, "बस, हेच."

सकाळी 'उंबरठा' लावला. १९८२ चा जब्बार पटेलांचा सिनेमा, स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षक. आश्रमातल्या दोन बायकांच्या नात्याचा प्रसंग त्यात आहे. तो अनेकांनी पूर्वी पाहिलेला, पण कोणाच्या तोंडून त्यावर एक शब्द मी आजवर ऐकला नव्हता. बचत गटाच्या बायका आल्या होत्या. सिनेमा सुटल्यावर एक म्हातारी बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "आमच्या गावात होत्या बाप्पा अशा दोघी. एकाच घरात राहत. कोणी काही म्हणे नाही." आणि पाणी पिऊन गेली.

संध्याकाळी गर्दी वेगळी होती. लांबच्या तालुक्यांतून माणसं आली. शेवटची एसटी लवकर जाते म्हणून पोरांनी दोन काळीपिवळी सांगून ठेवल्या होत्या. आमच्याकडे उन्हासाठी सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतात, त्यामुळे दुपट्ट्यातला माणूस कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण त्या दिवशी आत येऊन, बसूनही बऱ्याच जणांनी दुपट्टे सोडले नाहीत. पुढच्या ओळीत तृतीयपंथी बसले होते, नटूनथटून, मोठ्यानं बोलत. त्यांना कोणत्याही लाइटची फिकीर नव्हती. गाण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांच्यातल्याच एकीनं लताबाईंच्या मागे आवाज धरला, सुरात. कोणी शुक् केलं नाही. जनसेट ऐकू आला नाही.

सिनेमा संपला. मोठे लाइट लावले नाहीत, दोरीलाइट लावली. माझं टेबल दाराशी होतं, मेन स्विच हाताशी हवा म्हणून. गोडाऊनला ट्रकसाठीचं एकच दार. सगळे त्या एका दारातून माझ्या समोरून जात होते आणि मला फक्त पाय दिसत होते. शेतातल्या चिखलाच्या भेगा असलेले, पैंजणाचे, कॉलेजच्या पांढऱ्या बुटांचे.

त्यातले दोन पाय मी ओळखले. कशावरून ते लिहिणार नाही. इथल्या दोन-चार गोष्टीही मी मुद्दाम बदलून लिहिल्या आहेत.

कोणीतरी माइकचा स्टँड ओढला होता आणि त्याची केबल वाटेत आडवी आली होती. ते पाय तिथे थांबले. माणूस वाकला, केबल उचलली, गुंडाळली आणि भिंतीशी ठेवून गेला. सगळे केबल कोपराला वळसे देत गुंडाळतात, त्यानं आतल्या तारा पिळवटतात. या माणसानं एक वेढा सुलटा, एक उलटा घातला. हे मी माझ्या पोरांना शिकवतो. गाठ मारली तीही माझीच. पायांवरून जी शंका होती ती त्या वेढ्यांनी मिटली.

कितीतरी हंगाम तो माझ्याकडे होता. टेम्पोत माझ्या बाजूला झोपला, माझ्या ताटात जेवला, ट्रसवर सगळ्यांच्या आधी चढायचा. रात्री पोरांच्या गप्पा पोरींवर गेल्या की हा डिझेल पाहायला उठायचा. मी समजे, कामसू आहे. कामसू होताच तो. मग लग्न जुळलं, साक्षगंध झालं, आणि एका सकाळी तो घरातून गेला. घरचे सांगतात सुरतला आहे. पैसे उचलून पळाला असंही गावात बोललं गेलं. माझा एक रुपया त्याच्याकडे निघत नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो.

मी हाक मारली नाही. दिवसभर एकमेकांच्या नावानं ओरडणारी माणसं आम्ही; त्याचं नाव माझ्या तोंडात आलं होतं. पण हाक मारली असती तर मागचे-पुढचे सगळे थांबले असते, आणि एवढी दोरीलाइट बांधून आम्ही जे राखलं होतं ते माझ्याच आवाजानं गेलं असतं. बाहेर माझा टेम्पो उभा होता, मोठ्या अक्षरात नाव लिहिलेला. तो पाहूनही तो आत आला. म्हणजे मी आहे हे माहीत असून आला. हा विचार मला सोडत नाही. मी असलो तरी चालेल असं त्याला वाटलं, की मी आहे म्हणून आला? का फक्त सिनेमा पाहायचा होता?

कोणाला विचारायची सोय नाही. त्याचे वडील बाजाराच्या दिवशी दिसतात, रामराम होतो. 'पोरगा कुठं दिसला' असं त्यांनी विचारलं तर मी काय सांगू? मित्रांकडे चौकशी केली तर पहिला प्रश्न येईल, "तुम्हाले आत्ताच कशी आठवण आली?" मी त्याला शोधायला लागलो की तो त्या गोडाऊनात होता हे जगजाहीर होतं. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्याले फोन करायचा असंन तर तो करंन. तुमचा नंबर तोच हाय." नंबर तोच आहे, बदलणार नाही.

बाकी धंद्याचं म्हणाल तर एका सप्ताहाचं काम गेलं. त्यांनी कारण दिलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्यांनी विचारलं, "तुम्ही तिकडं साउंड लावला म्हणे?" मी म्हटलं, हाव, लावला, आणि तुमच्याकडे येतो तोच साउंड आहे. त्यांनी काम दिलं.

परवा त्या मुलीचा पुन्हा फोन आला. दिवाळीनंतर शेजारच्या तालुक्यात करायचंय, आणि या वेळी रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' मिळतो का ते पाहतेय, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला बक्षीस मिळालेला तो मराठी सिनेमा. मी तिला सांगितलं, दिवाळीनंतर जिनिंग मिळायची नाही, आणि मिळाली तरी नको. दोन दारांचा हॉल बघ. एक दार रस्त्याकडे, एक मागं शेताकडे, आणि मागच्या दाराशी माझं टेबल नको, कोणाचंच नको. असा हॉल महाग पडला तर माझ्या भाड्यातून कमी कर. दोरीलाइट मी जास्तीची आणतो.