कोच गेला? आधी करार बघा

जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवा या फुटबॉल क्लबने कोच सर्जिओ लोबेरांना निरोप दिला, तेव्हा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीचे फक्त तीन सामने उरले होते. फातोर्ड्याच्या, म्हणजे गोव्याच्या घरच्या मैदानावरच्या, चाहत्यांना पासिंगच्या खेळाची चटक लावणारा हा माणूस. क्लबचा पहिला मोठा करंडक, २०१९ चा सुपर कप, त्याच्याच काळातला. साहजिकच गळे काढणारे पुष्कळ होते. मग तिन्ही सामन्यांचे निकाल आले: हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबई सिटीविरुद्ध ५-२, जमशेदपूरविरुद्ध ५-०. ३९ गुणांसह साखळीत अव्वल ठरणाऱ्याला मिळणारी लीग शिल्ड गोव्याकडे आली आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचलेला पहिला भारतीय क्लबही गोवाच ठरला.

हंगामी सूत्रं क्लिफर्ड मिरांडाकडे होती. घरचा माणूस, खेळाडूंना ओळखणारा. तीन सामन्यांसाठी आलेल्या शहाण्या कोचने चालत्या गाड्याला खीळ घालायची नसते, आणि ती त्याने घातली नाही. पण चाहत्याने इथेच फसू नये. हे चौदा गोल आधीच्याच तालमीचे होते. नव्या कोचच्या पहिल्या तीन-चार निकालांवरून आशा बांधणं किंवा सोडणं, दोन्ही घाईचंच. बाद फेरीत चेन्नईयिनने ४-१ ने उडवलं आणि परतीचा सामना ४-२ ने जिंकूनही गोवा एकूण ५-६ ने बाहेर पडला.

खरी परीक्षा होते ती हंगाम संपल्यावर. कोच जातो तेव्हा पहिल्यांदा बघायची ती खेळाडूंच्या करारांची यादी: कुणाचा करार याच वर्षी संपतोय आणि कुणाच्या करारात रिलीज क्लॉज आहे. क्लॉजमधली रक्कम दुसऱ्या क्लबने भरली की तुमच्या क्लबला ‘नाही’ म्हणताच येत नाही. खेळाडू हो म्हणाला की विषय संपला. आयएसएलमधल्या परदेशी खेळाडूंचे करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात, त्यामुळे इथे हा धोका युरोपपेक्षा जास्त.

लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि नव्या हंगामाआधी गोव्यातून मूर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाई असे चौघं मुंबईत दाखल झाले. नावं नुसती वाचू नका, जागा बघा. फॉल मधला बचावपटू, कॉर्नरवर डोक्याने गोल करणारा. जाहू मागून चेंडू उचलून खेळ फिरवणारा. बुमू शेवटचा पास देणारा. मंदार डाव्या बगलेवरचा, शिवाय कर्णधार. संघाचा कणाच उचलून नेला म्हणायचा. त्यात कोरोमिनासही गोवा सोडून गेला, आयएसएलच्या ५७ सामन्यांत ४८ गोल करणारा. पुढच्या हंगामात मुंबईने साखळीची शिल्ड आणि बाद फेरीनंतरचा करंडक दोन्ही जिंकले, आणि उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटवर हरवलं ते गोव्यालाच. (मुंबईकर वाचकांनी इथे हसायला हरकत नाही.)

आता गोव्याची बाजू. एवढं होऊनही संघ चौथा आला. क्लबने कोच बदलला, पण खेळायची पद्धत बदलली नाही. लोबेरांसारखाच पासिंगवर भर देणारा स्पॅनिश कोच, हुआन फेरांडो, आणला. एदू बेदिया आणि ब्रँडन फर्नांडिस या मधल्या फळीतल्या दोघांना सोडलं नाही. कोरोमिनासच्या जागी आलेल्या इगोर अँगुलोने १४ गोल मारले. चॅम्पियन्स लीगच्या गटात पर्सेपोलिस, अल रय्यान आणि अल वहदा यांच्यासमोर तीन सामने बरोबरीत सोडवले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बेदियाच्या फ्री-किकवर ड्युरँड कपही जिंकला.

म्हणून दुसरा प्रश्न: खेळाडू निवडतं कोण? ते काम एकट्या कोचच्या डोक्यात असेल तर तो गेल्यावर हाती काही उरत नाही. मँचेस्टर युनायटेडमधून २०१३ मध्ये कोच अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आणि व्यवहार सांभाळणारे डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात बाहेर पडले. मग फेलायनीच्या करारातला २ कोटी ३५ लाख पौंडांचा क्लॉज जुलैअखेर संपू दिला आणि खेळाडू खरेदीची मुदत (‘खिडकी’) संपण्याच्या दिवशी त्याच खेळाडूसाठी २ कोटी ७५ लाख मोजले. संघ सातवा आला. उलट लिव्हरपूलला कोच क्लॉपनी जानेवारी २०२४ मध्येच आपण उन्हाळ्यात जाणार असं सांगून टाकलं होतं. क्लबने मायकेल एडवर्ड्सना परत आणलं, रिचर्ड ह्यूजेसना क्रीडा संचालक नेमलं आणि कोच निवडला तो त्यानंतर. आर्ने स्लॉटच्या पहिल्या उन्हाळ्यात लगेच खेळायला आलेला नवा खेळाडू एकच, किएझा. मधल्या फळीत मागे राहून खेळ चालवणारा माणूस बाहेरून मिळाला नाही, तेव्हा संघातल्याच ग्राव्हेनबर्खला तिथे उभा केला. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून हार झाली. ती धरून बसलेल्यांना एप्रिलमध्येच लिव्हरपूलचं विजेतेपद बघावं लागलं.

सहायक कोचही गेले म्हणून घाबरण्यात मात्र फारसा अर्थ नाही. क्लॉपबरोबर लिंडर्स आणि क्राविट्झही गेले होते, तरी विजेतेपद आलंच.

आणि नव्या कोचवर जीव जडू लागला की त्याच्या स्वतःच्या करारात क्लॉज आहे का तेही विचारा. फेरांडोंच्या करारात होता. डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन हंगामात, एटीके मोहन बागानने त्याची रक्कम भरून त्यांना नेलं. डेरिक परेरांनी संघ हाती घेतला, पण अकरा संघांत गोवा नववा आला.