नटाचे दुःख नेमके कुणाचे?

मेथड अभिनयाची, म्हणजे भूमिका आतून खरी व्हावी यासाठी नटाने करायच्या तयारीच्या पद्धतीची, चर्चा आपल्याकडे निघाली की दोन गोष्टी हमखास येतात. अमुक नटाने भूमिकेसाठी किती किलो वजन वाढवले, ही एक. आणि तमुक नट चित्रीकरण संपल्यावरही कितीतरी दिवस त्या भूमिकेतून बाहेर आला नव्हता, ही दुसरी. दोन्ही खऱ्या असतील, पण पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसते याचा उलगडा त्यांतून होत नाही. मला जे लिहायचे आहे ते याहून जुने आहे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या एका नाटकमंडळीत झालेल्या भांडणाशी त्याचा संबंध आहे, आणि त्या भांडणाचे पडसाद आमच्या परभणी-लातूरकडच्या तालमींत आजही उमटतात, मात्र तालीम घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

मॉस्को आर्ट थिएटर १८९८ साली सुरू झाले. तेथे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी नटाच्या कामाची जी पद्धत हळूहळू बसवत नेली, तिच्यात नटाने स्वतःच्या आयुष्यातील एखादी भावना आठवून ती भूमिकेला पुरवावी, असा एक भाग होता. ही मंडळी १९२३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, तिच्याशी संबंधित बोलेस्लावस्की आणि मारिया उस्पेन्स्काया न्यूयॉर्कमध्ये राहून शिकवू लागले, आणि त्यांच्या वर्गांतून ली स्ट्रासबर्ग व स्टेला अ‍ॅडलर तयार झाले. पुढे १९३१ साली हॅरल्ड क्लर्मन, चेरिल क्रॉफर्ड आणि स्ट्रासबर्ग यांनी ग्रुप थिएटर ही नाटकमंडळी काढली; सुरुवातीला म्हटलेले भांडण तिच्यातलेच. तेथे स्ट्रासबर्ग यांनी भावनिक स्मृतीच्या सरावावर इतका भर दिला की काही नटांना त्याचा जाच होऊ लागला. अ‍ॅडलर त्यांपैकीच एक होत्या. १९३४ मध्ये त्या पॅरिसला जाऊन खुद्द स्तानिस्लावस्कींना भेटल्या, त्यांच्याबरोबर काही आठवडे काम केले आणि परत येऊन त्यांनी सांगितले की गुरुजी स्वतः केव्हाच पुढे गेले आहेत: नाटककाराने दिलेली परिस्थिती, नटाची कल्पनाशक्ती आणि त्या परिस्थितीत पात्र करत असलेली कृती हा आता त्यांचा पाया आहे. स्ट्रासबर्ग यांना हे मान्य झाले नाही, आणि दोघांमधला हा वाद दोघांच्याही हयातीत मिटला नाही.

हा वाद मला एरवी पुस्तकी वाटला असता. पण मागे आमच्याकडे एका एकांकिकेची तालीम पाहण्याचा योग आला. विषय कर्जबाजारी शेतकऱ्याच्या आत्महत्येचा होता; मराठवाड्यातल्या स्पर्धांमध्ये हा विषय येतोच, आणि तो येण्याचे कारण कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मुलाची भूमिका करणाऱ्या तरुणाच्या स्वतःच्या घरात असेच एक मरण होऊन गेले होते. बाहेरगावाहून मार्गदर्शनासाठी बोलावलेल्या गृहस्थांना हे समजले, तेव्हा त्यांनी त्याला डोळे मिटून ती सकाळ आठवायला सांगितली. कोण प्रथम ओरडले, अंगणात कोण होते, आई कुठे बसली होती, असे एकेक विचारत गेले. मुलगा रडला. सगळे गप्प झाले, आणि मार्गदर्शकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. हीच मेथड, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच प्रसंगात त्या मुलाला काहीच येईना, आणि त्यानंतर तो तालमीलाच येईनासा झाला.

त्या प्रसंगात मुलाला करायचे काय होते, तर वडिलांची पत्र्याची पेटी उघडून कर्जाचे कागद बाहेर काढायचे होते. ते कागद कोणते, सोसायटीची पावती वर होती की सातबारा, सावकाराचा हिशेब कुणाच्या अक्षरात लिहिलेला होता, त्यातले किती या मुलाला आधी ठाऊक होते आणि किती आत्ताच कळत होते, यांतला एकही प्रश्न त्या तालमीत विचारला गेला नाही. अ‍ॅडलर यांनी दुसरे काही विचारलेच नसते. एका मुलाच्या खऱ्या दुःखाला हात घालायचा आणि त्या बदल्यात नाटकातल्या पेटीकडे कुणी पाहायचेही नाही, हा व्यवहार मला आजही अन्यायाचा वाटतो. तो कलेच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे, कारण प्रेक्षकाला मुलगा रडताना दिसतो, पण त्याला कागदात काय सापडले ते दिसत नाही.

अ‍ॅक्टर्स स्टुडिओ ही नटांच्या सरावाची न्यूयॉर्कमधली संस्था १९४७ साली इलिया कझान, चेरिल क्रॉफर्ड आणि रॉबर्ट लुईस यांनी सुरू केली. स्ट्रासबर्ग यांच्या हाती तिची सूत्रे नंतर आली. तरीही मेथड म्हटले की स्ट्रासबर्ग यांचे नाव पुढे येते आणि उदाहरण म्हणून मार्लन ब्रँडो यांचे. गंमत अशी की ब्रँडो हे अ‍ॅडलर यांचे शिष्य होते आणि आपण जे शिकलो त्याचे श्रेय ते त्यांनाच देत राहिले. त्यांचे जुने चित्रपट हे लक्षात ठेवून पुन्हा पाहावेत. ‘ऑन द वॉटरफ्रंट’ हा १९५४ चा चित्रपट न्यूजर्सीतील होबोकेनच्या खऱ्या गोद्यांवर, कडाक्याच्या थंडीत चित्रित झाला. त्यात ब्रँडो यांचा नायिका ईवा मरी सेंट यांच्याबरोबर बागेतून चालत जाण्याचा एक प्रसंग आहे. तालमीत त्यांच्या हातातून हातमोजा खाली पडला, ब्रँडो यांनी तो उचलला, आणि परत न देता बोलता बोलता झोपाळ्यावर बसून स्वतःच्या हातात चढवायला सुरुवात केली. दिग्दर्शक कझान यांनी ते तसेच ठेवले. मुलीला निघून जायचे आहे, पण मोजा त्याच्याकडे आहे. त्याला तिला थांबवायचे आहे, पण तसे म्हणायचे नाही. एवढ्या एका वस्तूने संकोच, ओढ आणि थोडासा मगरूरपणा हे सगळे उलगडत जाते. यात कुणाच्या बालपणीची आठवण कामाला आली असेल असे मला वाटत नाही. समोर काय घडले याकडे लक्ष होते, म्हणून ते घडले.

याच चित्रपटातला टॅक्सीतील दोन भावांचा प्रसंग अधिक गाजला, आणि तो माझ्या म्हणण्याच्या फारसा सोयीचा नाही. ब्रँडो आपले शॉट संपवून निघून गेले, त्यामुळे रॉड स्टायगर यांचे क्लोज-अप घेताना ब्रँडोंचे संवाद दुसऱ्यानेच वाचले. स्टायगर यांनी हा राग पुढे अनेक वर्षे धरला. समोरच्या नटाकडे लक्ष ठेवणे हा अभिनयाचा पाया असेल, तर येथे समोरचा नट उठून गेलेला आहे, आणि तरीही स्टायगर यांच्या चेहऱ्यावर धाकट्या भावाविषयीचा अपराधीपणा स्पष्ट उमटतो. तेव्हा लक्षाबरोबर कल्पनाशक्तीलाही तेवढेच मोल द्यावे लागते. ब्रँडो यांच्या वागण्याचे मात्र कोणत्याही पद्धतीने समर्थन होत नाही.

त्याआधीच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या १९५१ च्या चित्रपटात तर दोन वेगळ्या परंपरा एका घरात राहायला आल्या आहेत. व्हिव्हियन ली इंग्रजी रंगभूमीवरून आलेल्या. त्यांची प्रत्येक लकब घडवलेली आणि आवाज पेललेला. ब्रँडो मात्र जेवताना बोलतात, अंग खाजवतात, वाक्य मध्येच गिळतात. एखाद्या दुसऱ्या कथेत ही विसंगती खटकली असती, पण येथे कथाच एका जपून सांभाळलेल्या खानदानी दिखाव्याची आणि त्याला धडक देणाऱ्या रांगड्या माणसाची आहे. ऑस्कर मिळाले ते ली यांना. ब्रँडो यांना त्या वर्षी मिळाले नाही. आज पाहताना मला ली यांचे काम अधिक अवघड वाटते.

मेथडच्या उदयाची गोष्ट सांगताना तिच्याआधी सगळीकडे नुसता हातवारे करणारा अभिनय होता, असे सहज गृहीत धरले जाते. आपल्यापुरते तरी ते खरे नाही. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये गौरी यांची जिजाई पाहा: देवावर, नवऱ्यावर आणि रिकाम्या घरावर एकाच वेळी चिडलेली ही बाई आमच्याकडच्या कोणत्याही वाड्यात भेटेल. त्यानंतर वर्षभराने आलेल्या ‘कुंकू’मध्ये केशवराव दाते यांनी तरुण मुलीशी लग्न करून बसलेला म्हातारा वकील केला. दाते नाटकातून आलेले, पण कॅमेऱ्यासमोर त्यांनी आवाज खाली आणला. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे घड्याळाची टिकटिक आणि त्या माणसाची हळूहळू स्वतःशीच सुरू झालेली उलटतपासणी एवढेच ऐकू येते. शांतारामबापूंचा कॅमेरा जवळ गेला म्हणून नटाला लहान गोष्टी करता आल्या, की नट लहान गोष्टी करू शकत होता म्हणून कॅमेरा जवळ गेला, हे सांगणे कठीण आहे. मॉस्को-न्यूयॉर्कचा काही संबंध येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. स्तानिस्लावस्की मराठीत आणण्याचे काम पुढे के. नारायण काळे यांनी केले, आणि तेही नाट्यमन्वंतर ही नाटकसंस्था आणि प्रभात या दोन्हींतून गेलेले होते.

दिलीपकुमार यांचेही तसेच. कोणत्याही वर्गात न बसता त्यांनी १९४४ नंतरच्या दहा वर्षांत थांबून, हळू बोलून, समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकून काम करण्याची रीत रूढ केली. ‘कोहिनूर’साठी ते सतार शिकले, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘गंगा जमना’तील मृत्यूच्या प्रसंगाआधी ते स्टुडिओभोवती धावून दमून आले, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते, कारण धाप लागणे ही कृती आहे आणि ती शरीराकडून मिळते. उलट एकामागून एक शोकांत भूमिका करून त्यांचे मन इतके जड झाले की डॉक्टरांनी त्यांना हलक्याफुलक्या भूमिका घ्यायला सुचवले. दुःख आत साठवत जाण्याची किंमत असते, ती अशी.

न्यूयॉर्कचा धागा प्रत्यक्ष भारतात आला तो पुण्यात. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ‘कुंकू’ जेथे घडला तेथेच. रोशन तनेजा तेथे १९६३ पासून अभिनय शिकवू लागले. ते न्यूयॉर्कमध्ये सॅनफर्ड माइझनर यांच्या संस्थेत शिकून आलेले होते. माइझनर हे ग्रुप थिएटरमधलेच, आणि स्मृतीच्या वादात अ‍ॅडलर यांच्या बाजूचे. नटाने लक्ष स्वतःवरून काढून समोरच्या माणसावर ठेवावे, ही त्यांची शिकवण. म्हणजे आपल्याकडे शिस्तीने जी मेथड शिकवली गेली, ती मुळात रडण्याची नव्हतीच.

तनेजा यांच्या विद्यार्थिनी शबाना आझमी १९७४ च्या ‘अंकुर’मध्ये आल्या, आणि या चित्रपटाशी मराठवाड्याचे वेगळे नाते आहे. श्याम बेनेगल यांनी तो हैदराबादजवळच्या खेड्यात चित्रित केला. आम्हीही १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होतो. देशमुखी वाडे, कचेरीतली उर्दू, बाजारातली दखनी हे सगळे आमच्या आजोबांनी पाहिलेले. पडद्यावर ‘नक्को’ आणि ‘हौ’ ऐकू आले की नांदेड-परभणीचा प्रेक्षक आपोआप सावरून बसतो, कारण येथे खोटे बोलले गेले तर त्याला लगेच कळणार असते. शहरात वाढलेल्या शबाना यांना ही बोली शिकावी लागली, उकिडवे बसण्याची सवय करून घ्यावी लागली. त्यांची लक्ष्मी अंगण झाडताना, चूल पेटवताना, मालकासमोर उभी राहताना पाहावी. मन कोठे आहे ते पाठीच्या वाकण्यावरून समजते.

माझ्या मते मात्र त्या चित्रपटातले सर्वांत मोठे काम साधू मेहेर यांचे आहे. लक्ष्मीचा नवरा किष्टय्या मुका आणि बहिरा. नटाला एकही वाक्य नाही. ताडी चोरल्याबद्दल धिंड निघाल्यावर तो गाव सोडून जातो आणि शेवटी परत येतो. बायकोला दिवस गेलेले पाहून त्याला आनंद होतो आणि तो कामाच्या आशेने मालकाकडे निघतो. ते मूल मालकाचे असते, आणि मनात हे पाप असल्यामुळे मालकाला हा माणूस सूड घ्यायला येत आहे असे वाटते. हा गैरसमज प्रेक्षकाला कळायचा असेल तर मेहेर यांच्या चालण्यात सूड किंचितही दिसता कामा नये, आणि तरीही मालकाला तो का दिसला असावा हे पटले पाहिजे. ते निव्वळ काम मागायला निघालेल्या माणसासारखे चालतात. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळाले, हे योग्यच झाले.

वजनाविषयी थोडेसे. रॉबर्ट डी नीरो यांनी १९८० च्या ‘रेजिंग बुल’साठी सत्तावीस किलोंच्या आसपास वजन वाढवले, आणि अतुल कुलकर्णी यांनी ‘नटरंग’साठी आधी पैलवानाचे शरीर कमावून मग ते उतरवले. दोघांचीही मेहनत आदराची आहे. पण ‘नटरंग’मध्ये मला लक्षात राहतो तो कुलकर्णी यांच्या गुणाला नाच्याचा पहिला ठेका धरताना येणारा अवघडपणा, शरीर ऐकायला तयार नसल्याचा. तो वजनकाट्यावर मोजता येत नाही.

मग स्मृतीचाच मार्ग एवढा का पसरला? मला वाटते, तो वेळ वाचवतो. हातमोजा तालमीत पडला, म्हणजे तालीम होत होती. ‘अंकुर’ची मंडळी खेड्यात जाऊन राहिली. आमच्याकडे स्पर्धेच्या एकांकिकेत काम करणारी मुले दिवसभर कॉलेज किंवा दुकान करून रात्री एखाद्या शाळेच्या वर्गात जमतात, पेटी प्रयोगाच्या आदल्या दिवशी येते, आणि मार्गदर्शकाला दोन दिवसांत परिणाम दाखवायचा असतो. पेटीतल्या कागदांचा विचार करायला चार रात्री लागतात. मुलाला रडवायला दहा मिनिटे पुरतात. परीक्षकही बहुधा डोळ्यांतल्या पाण्यालाच गुण देतात. पुढच्या स्पर्धेआधी मुलांना निदान पेटी आणि कागद पहिल्या दिवसापासून मिळावेत, एवढे मी आयोजकांना सुचवले आहे. खर्च फारसा नाही. पत्र्याची जुनी पेटी आठवडी बाजारात मिळते.