फक्त डाव्या वळणावर मागून सुटणारी स्विफ्ट

कोल्हापुरात गाड्यांचा नाद काय नवा नाही, मोहितेंचा रेसिंग ट्रॅकच आहे इथं, त्यामुळे आमच्या अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या दुकानात "मामा, रेसिंग सेटिंग करून द्या" म्हणणारी पोरं येतच असतात. पावसाळा संपता संपता असाच एक जण जुनी स्विफ्ट घेऊन आला. त्याला ती कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर पळवायची होती. पुढं बोल्ट टाकून कॅम्बर दीड डिग्री निगेटिव्ह केलेला, म्हणजे चाकं वरून आत झुकलेली, टो बऱ्यापैकी आउट, म्हणजे चाकांची तोंडं पुढून बाहेरच्या बाजूला, आणि तक्रार काय तर गाडी आधीसारखी पळत नाही, शंभरच्या वर सरळ रस्त्यावर पण वळवळते, आणि डावं वळण आलं की मागची बाजू बाहेर जाते. उजव्या वळणाला काही नाही म्हणे! आणि वर त्याचीच मागणी की टो-आउट अजून वाढवा, म्हणजे गाडी पटकन वळेल.

आता टो-आउटनं स्टिअरिंगला गाडी पटकन वळते हे खरंय, निगेटिव्ह कॅम्बरनं वळणात बाहेरचा टायर नीट टेकतो हे पण खरंय, पण एकाच बाजूच्या वळणाला मागून सुटत असेल तर पुढची चाकं बघून काय उपयोग. मी सरळ मागच्या उजव्या टायरवर हात फिरवला. एका बाजूनं गुळगुळीत, उलटा फिरवला की बोचतो, आणि आतली कड खाल्लेली. हा टायर घासत चाललाय हे तिथंच कळलं.

हवा, बेअरिंग, बॉल जॉइंट बघून मशीनवर घेतली. मागचं डावं चाक ठीक, उजव्याचा टो जवळजवळ एक डिग्री बाहेर. रिम वाकला असेल म्हणून रिम बदलून बघितला तरी आकडा तोच. मग विचारलं, खड्ड्यात आदळली होती का? तर म्हणे हो, हायवेला, जोरात, पण नंतर एकाकडं अलाइनमेंट करून घेतलं, स्टिअरिंग सरळ आहे की! तिथंच घोळ होता. मागची दोन्ही चाकं ज्याला जोडलेली असतात तो बीम वाकल्यामुळं गाडी डावीकडं ओढत होती, त्या माणसानं मागं बघितलंच नाही, नुसते पुढचे टायरॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकं जोडणारे दांडे, फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिलं. स्टिअरिंग सरळ झालं, पण गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकीच चालत होती.

डाव्या वळणात सगळा भार उजव्या बाजूला जातो, म्हणजे बरोबर त्याच बाहेर बघणाऱ्या चाकावर, आणि ते चाक मागची बाजू बाहेर ओढून नेतं. उजव्या वळणात भार डाव्या चाकावर, ते सरळ, म्हणून तिथं काही जाणवत नाही. आणि पळत का नाही, तर एक डिग्री ऐकायला किरकोळ वाटते, पण हिशोब लावला तर त्या चाकाची दिशा किलोमीटरमागं सतरा मीटर बाजूला जाते आणि गाडी त्याला ओढून सरळ नेत असते. पुढचा टो-आउट वेगळाच. इंजिनची ताकद टायर घासण्यात जाणार, दुसरं काय होणार.

या गाडीला मागं टो फिरवायची सोयच नसते, त्यामुळं मी काही करू शकत नव्हतो. गॅरेजला पाठवला, बीम बदलून आणला, मग आधी मागचे आकडे बघून त्याच्या हिशोबानं पुढचं सेट केलं. कॅम्बर ठेवला तसाच, टो मात्र झिरोला आणला, कारण कोईमतूरपर्यंत हायवेनंच चालवत जाणार होता, ट्रॅकवर पोचल्यावर थोडा आउट करून घे म्हटलं. पोरगं जरा नाराजच होतं, एवढे पैसे घालवून आउट काही वाढवला नाही म्हणून. एक चक्कर मारून आलं, डावीकडची वळणं शोधून शोधून मारली असणार, आणि उतरल्या उतरल्या म्हणतंय, "मामा, आता कॅम्बर दोन डिग्री करूया का?"

म्हटलं आधी तो मागचा टायर बदल.